वॉटर पार्कात इरकल

"साडी नाय चालायची आत."

दारावरच्या शिट्टीवाल्यानं बिचाऱ्यानं हे हळूच सांगितलं. पण आक्कांनी त्याला टोपीपासून चपलेपर्यंत बघून घेतलं आणि कडेवरच्या पारूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग काय चालतंय?"

"नायलॉनचा ड्रेस. तिकडं खिडकीवर भाड्यानं मिळतो. टी-शर्ट आणि थ्री-फोर्थ."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच ओ काकू."

आक्का शेखरकडं वळल्या. "काय म्हणतोय ह्यो?"

शेखर म्हणजे माझा नवरा. अशा वेळी जागच्या जागी नाहीसं व्हायची विद्या त्याला अवगत आहे. तो भिंतीवरचे नियम वाचायला लागला होता, जणू उद्या त्यावर परीक्षा आहे.

"आक्का, तुम्ही बाहेर बसा हवं तर," मी म्हणाले. "आम्ही पारूला आत फिरवून आणतो."

"न्या की," आक्का म्हणाल्या. माझ्याकडं बघून नाही, शेखरकडं बघून. "येत असली तर न्या."

मी हात पुढं केले. पारूनं माझ्या हातांकडं पाहिलं, आक्कांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट केलं आणि तोंड फिरवलं. "ही नको."

ही म्हणजे मी.

त्या दिवशी आम्ही कुणीच आत गेलो नाही. खिडकीवरच्या माणसानं दया येऊन तिकिटांवर उद्याचा शिक्का मारून दिला. कुंपणाच्या आत एक मोठा सिमेंटचा हत्ती होता, त्याच्या सोंडेतून पाणी उडत होतं आणि खाली पोरं किंचाळत होती. पारू परत जाताना मान वळवून त्याच्याकडं बघत राहिली, दिसेनासा होईपर्यंत.

आक्का कोण ते सांगायला हवं. त्या शेखरच्या सासूबाई. पण माझी आई नव्हेत. सुवर्णाची आई. सुवर्णा ही शेखरची पहिली बायको. पारू रांगत होती तेव्हा ती गेली, आणि आक्कांनी पारूला मिरजेला नेलं. त्या घरात त्या दोघीच. माघात माझं आणि शेखरचं लग्न झालं तेव्हा मी चौतिशीची होते, पुण्यात माझं पिको-फॉलचं दुकान होतं, आणि 'आता कुठलं लग्न' असं म्हणायची सवयही झाली होती. लग्नानंतर आम्ही दोनदा मिरजेला गेलो. दोन्ही वेळा पारू माझ्याकडं पाहुण्यांकडं बघावं तशी बघत होती: बिस्किट घ्यायचं आणि पाहुणे कधी जातात याची वाट बघायची.

शेवटी असं ठरलं की मे महिन्यात चौघांनी मिळून कोकणात जायचं, गणपतीपुळ्याच्या अलीकडं, समुद्राकाठी. परतताना कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचं. तिथून एक गाडी मिरजेला जाते, एक पुण्याला. पारू कुठल्या गाडीत बसणार, ते तिथं ठरायचं.

"मी काय धरून ठेवलेली न्हाई तिला," आक्का निघताना म्हणाल्या होत्या. "येत असली तर न्या. पण रडवून नेऊ देणार न्हाई."

त्यांची बॅग उचलताना शेखर वाकडा झाला होता. "आक्का, वरवंटा घेतलाय का बरोबर?"

"लेकराचं सामान असतंय," त्या म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

समुद्र आक्कांनी पहिल्यांदाच पाहिला. पाण्यापासून चांगल्या लांब त्या उभ्या राहिल्या, कपाळाला हात लावून. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि तांब्याभर प्यायला न्हाई. काय उपयोग?" पारूला मात्र समुद्र फार आवडला. ती लाटेला "ये, ये" म्हणून बोलवायची आणि आली की आक्कांकडं धूम पळायची. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्या काढून ठेवलेल्या असतात, त्या ती एकेक वेचून शेखरच्या खिशात भरायची. माझ्यासमोर आली की मधेच थांबून वळसा घालून जायची. मी तिथं उभा केलेला खांब होते.

मी काय काय केलं नाही म्हणता? बाहुली नेली होती. फुगे नेले होते. काऊ-चिऊच्या गोष्टी सांगितल्या, त्या पारूनं ऐकल्या, पण आक्कांच्या मांडीवर बसून. दुपारी झोपताना तिला पदर लागायचा. तोही कुठला नाही, एकच. आक्कांच्या बाकीच्या साड्या सगळ्या बदामी नाहीतर राखाडी, आणि ही एकच डाळिंबी रंगाची इरकल, लालभडक रेशमी पदराची, पांढऱ्या दातऱ्यांच्या नक्षीची. त्यांच्या वयाला जरा भडकच. मला ते पहिल्याच भेटीत खटकलं होतं. धंद्यानं माझी नजर आधी साडीवर जाते, मग माणसावर. पारू त्या पदराचं टोक चिमटीत धरायची, नाकाखाली घासायची आणि झोपून जायची. साडी धुतली की वाळेपर्यंत तिच्याखाली बसून राहायची. एकदा मी माझी ओढणी पुढं केली. तीही रेशमीच. पारूनं ती दोन बोटांनी उचलून मला परत दिली, दुकानात माल परत करतात तशी.

"न्हाई ना पटली?" आक्का म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण हसू आवरलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारू उठली ती हत्ती म्हणतच. घावन खाताना हत्ती. आंघोळीला हत्ती. देवाला नमस्कार करायला सांगितलं तर "हत्ती बाप्पा". शेखर म्हणाला, "पारू, मी नेतो चल." "आक्का पन." "आक्काला नाही येता येत." मग असं रडणं सुरू झालं की आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण चुलीवरचं दूध टाकून बघायला आली.

आक्का कोपऱ्यात कपाळाला विभूती लावत बसल्या होत्या. तीन बोटं ओढून झाली, डबी बंद केली.

"चला," त्या म्हणाल्या. "घालते ते नायलॉन."

शेखरच्या हातातला चहा हिंदकळला.

"बघतोस काय? लेकरापुढं कसली आलीया लाज?"

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत त्या दाराआड गेल्या, त्या कितीतरी वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी माझा निळा टी-शर्ट घालून बाहेर उभी. शेवटी कडी वाजली. आधी हात आला, त्यात घडी घातलेली डाळिंबी इरकल, वर चष्मा ठेवलेला. मग आक्का आल्या. निळा ढगळ टी-शर्ट, त्यावर डॉल्फिन. पोटऱ्यांवर आलेली विजार. आयुष्यात कुणी न पाहिलेले ते दोन गोरे पाय एकमेकांना चिकटवून त्या उभ्या होत्या.

"हसा," त्या म्हणाल्या.

"नाही हसत."

"मग बघू नका."

त्या मला अहो-जाहो करायच्या. मी वयानं त्यांच्या मुलीएवढी, तरी. असा मान मिळाला की माणूस दाराबाहेर राहतो.

मी साडी आणि चष्मा कपाटात ठेवून किल्लीचं रबर मनगटात घातलं. तिथल्या बाईनं आक्कांच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली, सगळे केस आत कोंबले, आणि शॉवरखाली उभं केलं. त्याशिवाय पाण्यात सोडत नव्हते. विभूती धुऊन गेली.

शेखर पारूला घेऊन पुढं गेला होता. हत्तीच्या पायाशी गुडघाभर पाणी होतं, त्यात पारू उभी, सोंडेखाली डोकं, आणि हसून हसून उचकी लागलेली. तेवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"पारू!" आक्कांनी हाक मारली. "बघ, मी बी आले!"

पारूनं हाक ओळखली. चटकन वळली. आणि आक्कांच्या पलीकडं बघायला लागली, आक्का कुठं आहेत म्हणून.

"अगं हितं. ये माझ्या बाय."

पारूनं समोरच्या निळ्या बाईकडं पाहिलं. टोपी, ओलं तोंड, मोकळं कपाळ, चष्म्याशिवायचे बारीक डोळे. आक्कांनी वाकून तिला उचललं, आणि पारूनं असा टाहो फोडला की घसरगुंडीवर बसलेला एक जाडा माणूस दचकून आपोआप खाली आला.

"आक्का! आक्का पायजे!"

"अगं मीच की गं!"

"न्हाई! आक्का!" ती आक्कांच्याच कानात ओरडत होती. दोन्ही हातांनी त्यांचं तोंड ढकलत होती. आक्का तिला घट्ट धरत होत्या, ती आणखी पाय झाडत होती. मग तिची नजर माझ्यावर पडली. मीही निळ्यातच होते, पण मी रोजच सलवार-कमीज घालणारी. माझ्यात फार फरक पडला नसावा. तिनं माझ्याकडं हात टाकले आणि अक्षरशः उडी मारली.

गळ्याला मिठी. ओलं नाक माझ्या मानेत. माघापासून मी याची वाट बघत होते.

"बघ, बघ!" शेखर पाण्यातून थपथप करत आला. त्याचं तोंड लग्नातसुद्धा एवढं फुललं नव्हतं. "आली की तुझ्याकडं! हेमा, आली!"

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दोन श्वास घेईपर्यंत फारच बरं वाटलं. मग मला आक्का दिसल्या. त्या तिथंच गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. हात अजून तसेच, मूल धरल्यासारखे. लोक हसत होते. आणि माझ्या मानेत तोंड खुपसून पारू हुंदके देत होती, "आक्का... आक्का कुठंय... आक्का दे..."

ती माझ्याकडं आली नव्हती. हरवलेल्या माणसाची तक्रार घेऊन लोक चौकीत जातात, तशी आली होती.

"चल," मी तिला म्हणाले. "आपण आणू आक्काला."

तिला कडेवर घेऊन मी तशीच निथळत कपाटांकडं गेले. इरकल काढली, चष्मा काढला आणि परत पाण्याकडं पळाले. मागून शिट्टी वाजली. मग दुसरी. कालचाच शिट्टीवाला.

"ओ मॅडम! साडी! साडी नाय चालत!"

मी पाण्यात उतरले. घडीचं एक टोक सुटलं, पदर पाण्यावर पसरला. मी तो आक्कांच्या खांद्यावरून घेतला, डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि डॉल्फिनवर इरकल पांघरली. चष्मा त्यांनी स्वतःच घातला, वाकडा.

पारू गप्प झाली. तिनं पदराचं टोक शोधलं, चिमटीत धरलं, नाकाला लावलं. मग पदराला धरून तिची नजर वर वर गेली, चष्म्यापर्यंत.

"आक्का," ती रागावून म्हणाली, "कुठं गेलती?"

"हितंच होते गं," आक्का म्हणाल्या. "हितंच तर होते."

आणि पारू माझ्या कडेवरून त्यांच्या कडेवर गेली.

शिट्टीवाला पाण्याच्या काठावर नाचत होता. "बाहेर व्हा सगळे! मशिनीत धागा अडकतो ओ, पूर्ण पार्क बंद पडेल!"

"मला नका शिकवू," मी म्हणाले. "वीस वर्षं मशीनवर बसते. काय कशात अडकतं ते मला ठाऊक आहे."

तरी आम्हाला बाहेर काढलंच. पारू शेवटपर्यंत हत्तीला टाटा करत होती.

बाहेर माडाखाली बसून आम्ही मिरजेहून आणलेले धपाटे खाल्ले. शेखर फुगला होता. आक्का पारूचे हात धुवायला नळावर गेल्या, तसं तो म्हणाला, "कशाला केलंस हे? आली होती ना तुझ्याकडं? थोडी रडली असती, मग झाली असती गप्प."

"हो. झाली असती."

"मग?"

"मला तिचं आक्का-आक्का ऐकवेना, शेखर. आणि त्यांचं तोंड बघवेना. खा आता."

मी मान वर केली तर आक्का मागंच उभ्या होत्या. त्यांनी पारूला शेखरजवळ बसवलं आणि शेंगाचटणीची पुडी माझ्यापुढं सरकवली.

दुपारी घराच्या ओट्यावर इरकल वाळली तेव्हा मला दिसलं की फॉल उसवलाय. पाण्यातल्या ओढाताणीत टाके सुटले होते.

"कुणी लावला हा?" मी विचारलं.

"स्टेशनाजवळ एकजण लावून देतो."

"लांब टाके टाकलेत. पैसे घेतो का वर?"

आक्का बदामी साडीत होत्या. त्या आत भांडी आवरायला गेल्या आणि मी सुई-दोरा घेऊन ओट्यावर बसले, साडीचं खालचं टोक मांडीवर. डोळे चोळत पारू बाहेर आली. पदर ओट्यावर पडलेला तिला दिसला. ती तिथंच, सतरंजीवर, पदर नाकाशी धरून आडवी झाली. आक्का कुठं आहेत हे तिनं बघितलं, आतून भांड्यांचा आवाज येत होता, तेवढ्यावर तिचं भागलं असावं. मग साडीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलं. मी टाका घालत राहिले. मला मान वर करायची भीती वाटत होती.

"काय कलते?" तिनं विचारलं.

"साडी शिवते."

"फाटली?"

"उसवली. आता होईल नीट."

"पालूची आहे."

"हो, पारूचीच."

मी सुई ओढली की साडी थोडी हलायची, तिच्या नाकाला गुदगुल्या व्हायच्या आणि ती हसायची. मग मी मुद्दाम ओढायला लागले. मग हसणं मंद झालं. थोड्या वेळानं मी बघितलं तर तिचं तोंड उघडं होतं आणि ती झोपली होती, आणि तिचा एक पाय माझ्या मांडीवर होता. पदर तिच्या मुठीत, फॉल माझ्या हातात, मधे साडी.

आक्का दारात उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक.

"साडी नेसता येती का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे लग्नात पार्लरवालीनं नेसवली होती. हलवायाला लाडू गोड लागत नाहीत, तसं आहे माझं."

त्या माझ्याजवळ बसल्या. पारूच्या अंगावरच्या माशा वारत राहिल्या. समोर भर उन्हात समुद्र पांढरा दिसत होता.

"ही सुवर्णाची साडी," आक्का म्हणाल्या. "डोहाळजेवणाला मीच घेतली होती. पारू झाल्यावर बी घरात हीच नेसायची."

माझी सुई थांबली.

"तुम्हाला वाटतंय मला ओळखत होती व्हय ही? मिरजेला आणली तवा माझ्याकडं यायची न्हाई. दूध तोंडात घ्यायची न्हाई. माझं नाव काढलं की रडायची. शेजारच्या म्हणायच्या, दृष्ट काढा. काढली. काय झालं न्हाई. मग एक दिवस हीच ट्रंकेतनं काढली आणि नेसले. ह्या वयात, असला रंग. लोक काय म्हणाले ते म्हणाले. लेकरू गप्प झालं." त्यांनी पारूच्या केसातली वाळू झटकली. "आधी पदर ओळखतंय. माणूस मागनं."

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. इरकल उलगडली.

"उभी रहा नीट. पाठीला पोक काढू नको."

मी उभी राहिले. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, खोचलं, ओढलं, दातात पिन धरून बोलत राहिल्या. "पोट आत घे. आत घे म्हणलं तर श्वासच सोडून दिलास की. मरशील. हां. निऱ्या अशा धरायच्या, चार बोटावर. शेखरला धरायला लावू नको, त्याला धोतर बी नेसता येत न्हाई. पदर लांब सोड, तिला धरायला पाहिजे." मग एक पाऊल मागं सरकून बघितलं. माझ्याकडं बघितलं, का डाळिंबी रंगाकडं, का आणखी कुणाकडं, ते मला आजही सांगता येणार नाही. चष्मा काढून पुसला.

"आखूड झाली तुला," त्या म्हणाल्या. "ती बुटकी होती. असू दे."

आंबा घाटात पारू माझ्या मांडीवर होती. आक्का पलीकडच्या बाकावर, मुद्दाम खिडकीबाहेर बघत. पदर पारूच्या मुठीत होता आणि ती मधूनमधून माझं तोंड तपासत होती, चष्मा कुठं गेला असं वाटत असेल.

कोल्हापूरला मिरजेची गाडी लागलेलीच होती. आक्कांनी खाली उतरून पारूचा मुका घेतला. "मी पुढच्या सोमवारी येते हां. भाकरी घेऊन."

आणि गाडीत चढल्या. पारूला दोन क्षण समजलं नाही. मग समजलं.

रडली. रडली नाही असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. सगळं स्टँड वळून बघायला लागलं. मी खिडकीखाली तिला घेऊन उभी, पदर सुटलेला, निऱ्या सुटायच्या बेतात, आणि मलाही रडू फुटलेलं. मी म्हणाले, "आक्का, न्या हिला. तुम्ही म्हणाला होतात, रडवून नको."

त्यांनी खिडकीतून हात काढला. पारूच्या मुठीकडं बोट दाखवलं. ती रडत होती, पण पदर धरून रडत होती, आणि तोंड माझ्या खांद्यात होतं.

"परक्यापाशी असं रडत न्हाईत, हेमे," आक्का म्हणाल्या. "जा. उन्हात उभी करू नको तिला."

गाडी हलली तसा शेखर पळत सुटला. "आक्का! तुमची बॅग राहिली!"

"माझी कुठली?" आक्का ओरडल्या. "माझी पिशवी आहे माझ्याजवळ!"

पारू कराडच्या आसपास थकून झोपली. आज ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि ती इरकल तिच्या कपाटात आहे. फॉल मी आतापर्यंत तीनदा बदललाय. पण त्या दिवशी तिचा ओला फ्रॉक बदलावा म्हणून मी ती जड बॅग उघडली. वर चार फ्रॉक होते, रोज बघितलेले. खाली आणखी होते. सगळेच होते. चांदीची वाटी, बुटाची जोडी, गुटीची सहाण. तिनंच बॅग जड झाली होती. आणि तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लोकरीचा स्वेटर.

मे महिन्यात, समुद्रावर जाताना.

शेखरनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला. "मिरजेला कुठं एवढी थंडी असते?" तो म्हणाला, आणि स्वेटर माझ्याकडं दिला.

मी तो झोपलेल्या पारूच्या अंगावर धरून बघितला. नवाकोरा होता, हातानं विणलेला, लोकरीचा वास अजून न गेलेला. बाह्या लांब होत्या. पुण्याच्या येत्या थंडीत बरोबर बसतील एवढ्या.